कणसरीला वळसा घालणारा पाइप

॥ कणसरी माता प्रसन्न ॥

प्रतिभावन्संना हर्षालीचा पदर खोचलेल्या अवस्थेतच वाकून नमस्कार. (पदर का खोचला आहे ते पुढे येईल.)

तुमचा खोकला गेला का? अडुळशाची पानं पाठवली होती, ती तुम्ही कुंडीतल्या झाडाला खत म्हणून घातलीत असं तुमची ममता सांगत होती, पण मी विश्वास ठेवला नाही. भाऊजींना नमस्कार सांगावा. इकडे आई ठीक आहेत, म्हणजे बसल्या जागी ठीक आहेत. गेल्या पावसात मागच्या संडासाच्या वाटेवर घसरून पडल्या, तेव्हापासून उठताना गुडघा धरतात. यंदा पावसात त्या वाटेनं त्यांना जाऊ द्यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि घराच्या मागच्या अंगाला त्यांच्यासाठी खोली काढली, खोलीला लागून न्हाणी आणि खुर्चीचा संडास. भिंती झाल्या, पत्रे चढले, राहिला तो घाण पाणी नेणारा पाइप, आणि मिरग तर दारात आला. फोनवरच बोलले असते, पण रेंज फक्त ओटीवर येते आणि ओटीवर आई असतात.

तुमचे भाऊ शाळेत मुलांना चढ-उतार शिकवतात, पण घरचं काम निघालं की "तू बघ, तुला हिशेब कळतो" म्हणून मोकळे होतात. तेव्हा पाइपाचा नकाशा मीच काढला. तुम्हाला माहेर पाठ आहेच. जमीन मागून पुढे उतरते, मैल्याचा खड्डा खाली पेरूपाशी, म्हणजे पाइप घराला वळसा घालून पुढे यायला हवा. सरळ आणावा तर पडवीतली कणगी आडवी येते. कणगीत भात, म्हणजे तिथे धान्याची माय कणसरी बसलेली. वर्षभर जी खायला घालते तिच्या खालून हे पाणी न्यायचं? माझं मन होईना. म्हणून तिथे एक वळण दिलं. पुढे देवघराची भिंत, तिथे दुसरं. मग तुळस. मग खळं (भात झोडायची जागा, तीही तिचीच). सगळ्यांचा मान राखून पाइप पेरूपाशी पोचवला आणि मला इतकं समाधान वाटलं की त्या दिवशी आरती जरा लांबवली.

मोखाड्याहून हेमराज प्लंबर आला. त्यानं पाणी भरलेली नळी धरून जमीन मापली, कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, पाइप खळ्याच्या वरून फिरतोय. तिथं चढ आहे. पाणी निघणार, सगळ्या देवांना प्रदक्षिणा घालणार आणि परत संडासात येणार."

मी म्हटलं, "देवाचं काम आहे, जाईल हळूहळू."

"पाणी देवाला नाय मानत वहिनी, उताराला मानतं. आणि एवढे एल्बो मी आख्ख्या बाजारात बघितले नायत."

एल्बो (वळणावर लावायचे वाकडे तुकडे) विकत घ्यायचे असतात हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात आल्यावर माझी भक्ती जरा उतारावर आली. शेवटी हेमराजनं वाट काढली. तुळस आणि विहीर यांच्या मधून एक पट्टा जातो, तिथे उतार चांगला, एकच वळण, आणि कुणाच्याही खालून जाणं नाही. मात्र इकडे हातभर सरकलं तर तुळस, तिकडे सरकलं तर विहीर. म्हणून तो म्हणाला, चुन्याची फक्की मारून रेघ आखून ठेवा, सकाळी मंगळू खणेल.

आता वन्सं, फक्की आणायला मोखाड्याला जीपनं जायचं, आणि घरात दिवाळीची रांगोळी डबाभर पडलेली. मी रांगोळीनंच आखलं. सरळ रेघ नुसतीच बोडकी बघवेना, म्हणून कडेनं ठिपके दिले. जिथे जिथे चेंबर (पाइप तुंबला तर उघडायचा हौद) येणार तिथे कमळ काढलं. खड्ड्याच्या जागी काय काढावं कळेना, तर हातानं आपलं स्वस्तिक काढलं. (हाताला सवय असते, त्याला खाली काय होणार आहे हे माहीत नसतं.)

सकाळी मी चेंबरची झाकणं आणायला बाजारात गेले. परत येऊन बघते तर काय! रेघेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हळदकुंकू, कमळांवर जास्वंद आणि खड्ड्याच्या स्वस्तिकावर नारळ. शेजारची चंद्रा हात जोडून उभी. मला विचारते, "वहिनी, कुठलं व्रत गं? मला नाय सांगितलंस!" मंगळू टिकाव मांडीवर घेऊन तंबाखू मळत बसलेला. "ताई," म्हणाला, "कुंकवावर टिकाव मी नाय मारणार. हात वाकडा व्हायचा."

मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "दारात रांगोळी दिसली, कुंकू वाहिलं. मग काय पाय देऊ?"

मी पदर खोचला, खराटा उचलला, तर आई ओरडल्या, "थांब! काढली तिनं पुसायची नसते. घरच्या लेकीनं पुसायची असते." असा नियम मी माझ्या माहेरी कधी ऐकला नव्हता, पण घरोघरची रीत वेगळी असते, म्हणून खराटा खाली ठेवला. मंगळू घरी गेला. हेमराज फोनवर हसला आणि सूर्यमाळ गावच्या दुसऱ्या कामाला लागला. रांगोळी कोंबड्यांनी विस्कटू नये म्हणून आईंनी तिच्यावर टोपल्या पालथ्या घातल्यात. आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं.

असो. तुमच्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून लिहायला बसले होते. जपून असा.

तुमची,
हर्षाली

ता. क. : तुम्ही याच रविवारी या. रांगोळी पुसा आणि लगेच परत गेलात तरी चालेल. (जेवून.)

ता. क. दुसरा : तुमच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्याचा पाइप तुमच्या देवघरावरूनच जातो, हे मी मागच्या खेपेला बघितलं आहे. आईंना बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आई आल्या, वाचून दाखव म्हणाल्या. दाखवलं (दुसरा ता. क. सोडून). मग म्हणाल्या, "लिही तिला, पाइप कुठनं पण न्या, कणगीखालनं न्या. कणसरीचं नि माझं जुनं आहे, मी बघते. पण बाई, दिवाळीला येते म्हणालीस, नाय आलीस. शिमग्याला म्हणालीस, नाय आलीस. आता काम अडलंय, आता ये." मी विचारलं, "आई, मग लेकीनंच पुसायची हा नियम कुठला?" तर म्हणाल्या, "आपल्याच घरचा. तू खराटा उचललास तेव्हा केला."