उबदार कोपऱ्यातला दगड

मी, ओक मान-सू, वय एकोणऐंशी, चुलीच्या धुराने खालून तापणारी दगडी तळजमीन बसवणारा गवंडी, मुक्काम सोलबावी, तालुका ग्वेसान, शुद्धीत राहून, कोणाच्या धाकाविना हे स्वहस्ते लिहितो. गारठा आहे, तरी मी ओसरीवर बसलो आहे. आत बसून लिहिणार नाही.

कलम १. घर व मळा मुलगा ग्योंग-हो यास. अट एकच. नव्या वर्षात सूनबाई बाळंत होतील. रीतीप्रमाणे बाळबाळंतिणीला चुलीलगतच्या उबदार कोपऱ्यात, फटीफटींना कागद चिकटवून, तीन आठवडे निजवतात. या घरात ते होता कामा नये. माझ्या छातीत आता गाठ आहे, तोवर मी अडवायला नसेन. ग्योंग-हो हसतो, "बाबा, अख्ख्या गावात तोच दगड आहे!" आहे खरा. एकेचाळीस घरांत मीच बसवला.

कलम २. लग्नाच्या वर्षी डोंगरातला सर्वांत देखणा ग्रॅनाइट त्या कोपऱ्याखाली घातला आणि ती मानाची जागा बायको मल-सूनला दिली. ती म्हणे, "अहो, थोडी फट ठेवा ना, जीव कोंडतो." "गप नीज, गारठशील," म्हणून मी आणखी एक कागद चिकटवी. फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. तंबाखूला कधी शिवली नव्हती.

कलम ३. थोरली बहीण जोम-न्यो तेव्हा म्हणाली, "चुलीमागं बसून ओढत असणार. तुला रे काय कळतंय!" मीही ते खरे मानून तंबाखू शोधायला मल-सूनची पेटी उचकली. माझ्या सदऱ्याचे तुटके बटण तेवढे निघाले. ताईने तिच्या थडग्यापुढे वाकून माफी मागावी. माझी लाज माझ्याबरोबर येईल.

कलम ४. खोलीतला वायू मोजणारे यंत्र सूनबाईंना. ते देणारी तालुका कचेरीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, दगडातून रेडॉन वायू निघतो. रंग नाही, वास नाही, बंद खोलीत साचतो, त्यानं फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. आकडा दीडशेच्या आत हवा. आजींचं त्यानंच झालं, असं छातीठोक नाही सांगता येत." खिडकी उघडी असता आकडा पन्नास. काल कागद लावले, चूल पेटवली आणि दाराच्या काचेतून दिवसभर पाहत राहिलो. मल-सूनची गादी अजून तिथेच आहे. रिकाम्या गादीपाशी आकडा चढत गेला: तीनशे, सातशे, अकराशे. मी दार ठोठावले. का, ते मला सांगता येत नाही.

कलम ५. घण ग्योंग-होला. बाळ येण्याआधी कोपरा उखडावा. तो दगड उघड्यावर कोणाचे वाईट करत नाही. माझ्या थडग्यापुढे ठेवावा. मल-सूनपाशी नको. ती त्यावर एक्कावन्न हिवाळे निजली, पुरे झाले.

साक्षीदार: बांग इन-सिक, शेजारी (सही)
ओक जोम-न्यो, थोरली बहीण (अंगठा, कलम ३ दोनदा वाचून घेतले)

सोलबावी, ८ नोव्हेंबर २०१९
ओक मान-सू (शिक्का)