अंडं उजेडाला धरावं तसं

जव्हार, फेब्रुवारीतला दुसरा रविवार

बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. रोजनिशी रोज लिहिते, पण तुम्हाला लिहायला बसलं की तो सूर्यमाळचा शेवटचा दिवस आडवा येतो आणि मी शाळेतलं काहीबाही लिहून वही मिटते. आज आईबद्दल सांगायचं आहे. ती बरी आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल.

मागच्या रविवारी मी सूर्यमाळला घरी होते. सकाळी आईने चहा मागितला, तो पिऊन ती अंगणात नागली पाखडायला बसली. थोड्या वेळाने बघते तर सूप एका अंगाला कललेलं, दाणे सांडतायत, कोंबड्या टिपतायत आणि ती त्यांना हाकलत नाही. हाक मारली तर तोंड वाकडं, शब्द जिभेखाली अडकलेले. तुमच्या हातून खडू गळाला होता ना, तसंच. मी तिला आत आणून निजवलं. तेवढ्यात शेजारची काकी धावत आली.

अंगावरून वारं गेलं की आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला मी काय सांगू. आणखी वारं शिरू नये म्हणून दारं बंद, मग गरम तेल, मग कबुतराचं रक्त, मग भगताला निरोप. तुम्हाला आम्ही त्या काळोखात दिवसभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी जव्हारला आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की डोक्यात गुठळी अडकली आहे की रक्त सांडलं आहे, हे बाहेरून कळत नाही, आणि गुठळीचं औषध रक्तस्रावात दिलं तर माणूस जातो. आत बघायचं यंत्र तेव्हा नाशिकला होतं. तुम्ही नाशिकला पोचलात, पण फार उशिरा.

काकी म्हणाली, “दार लाव गं बाय, आजून वारा शिरल.”

मी म्हटलं, “शिरू दे. जीप काढायला सांग.”

शाळेत मुलांच्या तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, की त्यांच्या जव्हारच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढणारं चाकांवरचं यंत्र आलं आहे. त्यांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, की आई शेवटचं धड कधी बोलली; गुठळीचं औषध त्यानंतरच्या काही तासांतच देता येतं. चहा मागितला तेव्हा, मी म्हटलं. मग सगळी वाट मी तिचा गार हात धरून बसले. ती माझ्याकडे बघत होती, आणि काय झालंय ते मला कळत असेल असं तिला वाटत होतं.

ते यंत्र म्हणजे एक जाडसर कडं. खाटेपाशी ढकलत आणलं, भिंतीतल्या साध्या प्लगला जोडलं आणि आईचं डोकं त्यात सरकवलं. मी दाराबाहेर उभी. आणि मला आठवलं ते लहानपणीचं, खुडूक कोंबडीखालचं अंडं. मला ते गार लागलं होतं, म्हणून मी उकिरड्यावर टाकायला निघाले होते. तुम्ही रागावता. दार लोटून घेता, कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हात अंडं धरता. आत लाल शिरा दिसतात, केसासारख्या. “आत काय आहे ते बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही,” तुम्ही म्हणता.

फोटो शहरातल्या तज्ज्ञांकडे गेला आणि लगेच निरोप आला. रक्त सांडलेलं नाही, गुठळी आहे. इंजेक्शन सुरू झालं. दुपारी आईची बोटं हलली. दुसऱ्या दिवशी ती बोबड्या आवाजात म्हणाली, “तुझ्या बापाने अंडं धरावं तसं धरलं मला. काय निघालं? पिल्लू का पाणी?”

“गुठळी,” मी म्हटलं.

“मग उबवायला नको,” ती म्हणाली. मी किती दिवसांनी हसले.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की तेव्हा हे यंत्र असतं तर माझे वडील वाचले असते का. त्या म्हणाल्या, बघितल्याशिवाय कसं सांगू. तुमचाच सूर. आधी मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं, आता खरं वाटतं. तुमच्या डोक्यात काय होतं ते मला कधीच कळणार नाही. पण यंत्र तेव्हा जव्हारात असतं, तरी आम्ही दार लावून बसलो असतो, एवढं कळतं. पाड्यावर अजून तसेच बसतील, आणि पहिला निरोप भगतालाच जाईल. त्याचा शब्द कोणी मोडत नाही. तो “आधी जव्हारला न्या” म्हणाला, तर नेतील.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून ठेवते. आईला निजवल्यावर, काकी यायच्या आधी, फोनला हात लावायच्याही आधी, मी उठून खिडकी लावली होती.

उद्या: शाळा सुटल्यावर सूर्यमाळला, भगतकाकांकडे.