चाळिसाव्याचा कॉम्प्युटर

१४ फेब्रुवारी

ठरलं. सिल्विउचा कॉम्प्युटर मी पुरा करणार!

त्याच्या पलंगाखाली दोन खोकी आहेत — कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय. बाकीचं ठरायचं होतं. रोज जेवताना तेच पुराण, हा प्रोसेसर घेऊ की तो, हे ग्राफिक्स कार्ड की ते. मी म्हणायचे, "बाबा रे, आधी सूप गिळ." मग गालात्स शहराच्या रस्त्यावर बर्फ, गाडी घसरली, आणि सगळं तिथंच राहिलं. बावीस वर्षांचं पोर माझं.

गेलेल्याच्या नावानं चाळिसाव्या दिवशी कोणाला जे दान द्यावं ते त्याला तिकडे पोचतं. नवऱ्याची, पावेलची बहीण लेओन्तिना चादरी, उशा, ताटं सांगायला लागली. म्हटलं, ताटं घेऊन काय करील तो? जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही त्यानं. कॉम्प्युटर द्यायचा!

ती म्हणाली, "दे बाई. पण पुरता दे. इथं जे कमी पडेल ते त्याला तिथंही कमी पडेल."

१५ फेब्रुवारी

पावेल म्हणतो — "तिकडे वीज आहे का, विचारलंस फादरना?"

पोरगा गेला तेव्हापासून हा माणूस रडलेला नाही. नुसता टोचत असतो.

१९ फेब्रुवारी

कोस्मिनला फोन केला. बुझउ शहरात असतो. सिल्विउबरोबर ऑनलाइन खेळायचा. इतकी वर्षं भिंतीपलीकडून याचंच नाव कानावर — "कोस्मिन, डावीकडे! कोस्मिन, मेलास लेका!" दान त्यालाच द्यायचं. सिल्विउच्याच वयाचा, त्याच्याच जोडीचा.

आधी नको नको म्हणाला. मग रडला. मग नाक ओढत म्हणाला, "काकू, पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे तेवढं बघा."

साडेसातशे. मग सगळ्यात मोठं कार्ड त्यावर नीट चालायचं नाही म्हणे. सप्लायच मोठा घेऊ या का, विचारत होता. मी होच म्हणणार होते. पण नाही! तो सिल्विउनं स्वतः निवडलाय. तो हलणार नाही. कार्ड एक पायरी खालचं घेऊ.

२३ फेब्रुवारी

कार्ड आत मावेल की नाही म्हणून शिवणाची टेप घेऊन कॅबिनेट मापलं. मावतं. मग दुकानात गेले. तिथला मुलगा मी बहिरी असल्यासारखा मोठ्यानं समजावत होता. मी मदरबोर्डचा नंबर सांगितला तेव्हा हसला. "मुलासाठी घेताय? नशीबवान आहे हं!"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दुकानाबाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

२७ फेब्रुवारी

रॅम आली. एवढीशी पट्टी! तिच्यात रंगीत दिवे लागतात म्हणे. लागू देत. अंधार नको त्याला.

२ मार्च

प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर कोणता? स्वस्तातला लहान चालेल म्हटलं. कोस्मिन ऐकेना. "काकू, त्याला मोठा, बिनआवाजाचाच हवा होता. बाबांची झोप मोडते म्हणायचा."

पावेलला सांगितलं. तो उठला, गॅलरीत गेला, तसाच कोटाशिवाय उभा राहिला. बराच वेळ. हाक मारली तर म्हणे, "सूप निवलं असेल, गरम कर."

६ मार्च

कोस्मिन आला. सगळं जोडलं. बावीस वर्षांचं पोर, पण हात किती हलका! पावेल दारात उभा राहून म्हणाला, "स्क्रू कमी पडले तर माझ्या डोक्यातले घे, ढिलेच आहेत." मग स्वतःच टॉर्च धरून बसला.

चालू झाला! आवाज म्हणून नाही. वरची बाजू नुसती जाळी आहे — गरम हवा वर जाते म्हणून. लेओन्तिनाचं म्हणणं, वस्तू चालू स्थितीत द्यायची. फादर तीर्थ शिंपडतील तेव्हा पावेलनं जाळीवर टॉवेल धरायचा, असं ठरलं. कोस्मिननं दोनदा बजावलं.

८ मार्च

आज चाळिसावा, आणि नेमका आयांचा दिवसही. रस्त्यावर पोरं आपापल्या आयांसाठी फुलं घेऊन चालली होती. मी पडदा ओढला.

मेणबत्ती पावात खोचली. कोबीच्या पानात गुंडाळलेले सरमाले, गव्हाची खीर, सगळं मांडलं. कॉम्प्युटर मधोमध, लुकलुकत. फादरनी तुळशीची जुडी पाण्यात बुडवली. त्यांचा हात सढळ! एकदा, दोनदा — चट्! जळका वास. कॉम्प्युटरचे सगळे दिवे गेले.

"घे, सिल्विउच्या नावानं" हे माझ्या तोंडात अर्धंच राहिलं. घेणाऱ्यानं "देव त्याला क्षमा करो" म्हणावं लागतं, त्याशिवाय दान पोचत नाही. कोस्मिन नुसता बघत राहिला. लेओन्तिना म्हणाली, "मेलेली वस्तू देऊ नये गं."

पावेल टॉवेल घेऊन तसाच उभा. गोंधळात राहून गेलं असेल. कोणाला काय बोलू? माझं लेकरू तिकडे रिकाम्या हातांनी बसलंय.

९ मार्च

फक्त कार्ड जळलंय! बाकी सगळं ठीक, कोस्मिननं तपासलं. नवं कार्ड घातलं की झालं. ईस्टरनंतरही देता येतं, लेओन्तिनाला विचारलं मी.

११ मार्च

सिल्विउच्या खोलीत चहा घेऊन गेले. पावेल कॉम्प्युटरसमोर बसला होता. वर न बघता म्हणाला, "व्हिओरिका, फादरचा हात वर गेलेला मला दिसला होता. टॉवेल मी मुद्दाम धरला नाही. दिलं असतं तर गेलाच असता गं तो." आणि रडला. पहिल्यांदा.

मला राग यायला हवा होता. मी त्याच्याजवळ बसले.

संध्याकाळी कोस्मिनचा फोन — "काकू, कार्ड कोणतं मागवू?"

म्हटलं, थांब जरा. आमचं अजून ठरत नाहीये.