पेटाऱ्याची खांदशेकणी

अमरावती,
१४ जुलै २०२४

चि. मंजुषास,
मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे क्षेम. तुझे नि कुंदनरावांचे असावे.

काल आमच्या जावईबापूंचा, म्हणजे तुझ्या कुंदनरावांचा, फोन आला. म्हणाले की अकोल्याच्या दवाखान्यातलं कोबाल्टचं जुनं यंत्र जाऊन राहिलं, विश्वस्त म्हणून मामाजींची सही लागेल. मी काहीबाही बोलून फोन ठेवला.

मंजू, तुझी मामी त्या यंत्राखाली निजली होती गं. मी बाहेर बाकावर, दारावर लाल दिवा, आत सत्यवती एकटी. बाहेर आली की सांगायची, आत काहीच होत नाही, मी आपली पाढे म्हणत पडते. त्या यंत्रानं तिला मला परत दिलं. मग आम्ही चिखलदऱ्याला गेलो, धुक्यात बसून तिथलीच कॉफी प्यालो. ती म्हणाली की कडू आहे, पण कपभर आणखी घेऊ.

घरी परतणाऱ्या पाखरांच्या कविता मी वर्गात जन्मभर म्हटल्या. पण जे विसावलं आहे त्याला उठवून लावा, असं सांगणारी कविता एकाही क्रमिक पुस्तकात नव्हती. यंत्राला त्याच्या खोलीत राहू द्या. कुलूप लावा, दारावर सत्यवतीच्या नावाची पाटी लावा. मी सही करणार नाही. तू तिथली किरण-सुरक्षा अधिकारी आहेस, पण माझी भाची आधी आहेस.

रागावलीस तरी चालेल, विसरू मात्र नकोस.
तुझा,
उत्तममामा

*

अकोला,
२० जुलै २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. त्याच क्रमानं लिहिते.

मामीची आठवण मलाही आहे. पण मामा, तुमच्या कवितेतले किरण सोनेरी असतात. आमचे दिसतच नाहीत. यंत्राच्या पोटात बोटाएवढी पोलादी नळी आहे, कोबाल्ट तिच्यात आहे. त्याचा जोर दर पाचेक वर्षांनी निम्मा होतो. पूर्वी जो शेक दोन मिनिटांत व्हायचा, त्याला आता पेशंटला बारा मिनिटं निजवावं लागलं असतं, म्हणून यंत्र बंद केलं. उपचाराला ते निकामी, पण जीव घ्यायला अजून पुरेसं. तुम्ही-आम्ही आहोत तोवर कुलूप राहील. पुढे कुणी कुलूप तोडून ते भंगारात विकलं तर? जगात असं घडलेलं आहे. लोकांनी चमकतं म्हणून घरी नेलं आणि घरंच्या घरं आजारी पडली.

विकणाऱ्यानं ते परत घ्यायचं, हे आणतानाच ठरलं होतं. ती परदेशी कंपनी केव्हाच मिटली. पण तिचा देश म्हणाला की आमच्याकडून गेलं, आम्ही घेऊ. व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेनं मध्यस्थी केली, मुंबईच्या नियामक कार्यालयानं परवाने दिले. शिशाचा एक पेटारा देशोदेशी फिरत अशा नळ्या गोळा करतो. ऑगस्टअखेर तो आपल्याकडे येईल. हुकला तर पुढची पाळी केव्हा, कुणालाच ठाऊक नाही.

आणि खोली रिकामी झाल्याशिवाय नवं यंत्र बसत नाही. गोदामावशीचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीपर्यंत केमो, मग शेक. अमरावतीची रांग तुम्ही पाहिलीत. नागपूरचं नाव काढलं तर तुमची ही धाकटी बहीण म्हणते की तिथं मले कोण वळखते, भिताडाशी बोलू काय, राहू द्या मंग. अकोल्यात ती माझ्या घरी राहील. पण अकोल्यात यंत्र हवं.

पाटीचं मी पाहीन. सहीचं तुम्ही पाहा.
लोभ आहेच; तो तुमच्याकडून कमी होऊ देऊ नका.
आपली,
मंजुषा

*

अमरावती,
२९ जुलै २०२४

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

काल भातकुलीला जाऊन आलो. गोदा डोक्याला पदर घट्ट बांधून ओट्यावर बसली होती. केस गळून राहिले, म्हणाली, आता तेलाचा खर्च नाही. हसलीसुद्धा. मला हसता आलं नाही. तिला मी पाटीवर बाराखडी शिकवली होती. ती नेहमी ढ उलटा काढायची.

तुझ्या यंत्राबद्दल विचारलं, तर म्हणाली की भाऊ, वहिनीले त्यानं जगवलं, त्याचं काम झालं; आता तू त्याले धरून बसला तर मी कुठं जाऊ?

सोबत सही केली आहे. जरा वाकडी आली, चालवून घे. निरोपाला मात्र मी येणार.

मनात ठेव, एवढंच मागणं.
तुझा,
उत्तममामा

*

अमरावती,
२ सप्टेंबर २०२४, पोळा

चि. मंजुषास,
पोळ्याचे आशीर्वाद. घरात पुरणाचा वास आहे.

कालची संध्याकाळ सुखाची गेली. तू आत मापं घेत होतीस, बाहेर काय झालं ते तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. दवाखान्याच्या पोर्चमध्ये तो पेटारा रिकामाच उभा होता, आणि त्याला उचलायला दोन्ही बाजूंना लोखंडी कान. मला ते अगदी खांदे दिसले. पोळ्याच्या आदल्या सांजेला आपण बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद लावून शेकतो, ज्या खांद्यानं वर्षभर ओझं ओढलं त्याचे आभार मानतो. हा तर समुद्रापार ओझं नेणार! तुमचा गार्ड पंजाबराव शेतकऱ्याचा पोरगा. त्यालाही पटलं. घरून वाटीत तूप-हळद त्यानंच आणून दिली, आणि डावा खांदा राहून गेला होता तोही दाखवला. दोघांनी मिळून म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

मग शेवटची गाडी धरून परतलो. एव्हाना तुमचा पाहुणा मार्गाला लागला असेल.

पुरणपोळी इथे, जीव तिकडे.
तुझा,
उत्तममामा

*

अकोला,
४ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज मिळालं. पराक्रम परवाच कळला.

नळी सकाळी पेटाऱ्यात गेली, झाकण बसलं, शिक्के लागले. मग त्या देशाहून आलेल्या इंजिनिअर बाईंनी पेटारा बाहेरून कापसाच्या बोळ्यानं पुसला. हे करावंच लागतं. किरणोत्सारी कण बाहेर लागलेला नाही, याची ती खात्री. बोळा पिवळाधमक! बाईंनी सगळ्यांना मागे सारलं. बोळा मीटरखाली धरला, मीटर गप्प. तरी त्या म्हणाल्या की हे काय आहे ते कळल्याशिवाय, आणि पेटारा कोरडा-स्वच्छ झाल्याशिवाय ट्रक हलणार नाही. बाहेर पोलिसांची गाडी सुरू. बंदरावर वेळेत पोचलो नाही तर जहाज जाणार, आणि माझ्या डोळ्यांपुढे गोदामावशी.

मी वेड्यासारखी एकेकाला विचारत सुटले. शेवटी पंजाबराव कान धरून पुढे आला. म्हणाला की मॅडम, तूप गावरान हाय, काही भेसळ नाही.

बाईंना मी खांदशेकणी सांगितली. बैल, खांदा, पळसाचं पान, सगळं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग विचारलं की हे वर्षातून एकदाच करता? फार कमी आहे. तेवढं बोलून बाह्या सरसावल्या. गरम पाणी, साबण, आम्ही तिघं आणि ते तुमचं चिवट तूप. पुसलं, तपासलं, पुन्हा पुसलं. बोळा पांढरा आला तेव्हा पंजाबरावनं मारुतीला हात जोडले. अहवालात बाईंनी लिहिलं, गाईचं तूप व हळद, किरणोत्सार नाही. तो अहवाल व्हिएन्नाला जाईल.

ट्रक निघाला, तर पहिल्याच गावात तोरणाखाली बैल उभे. पोलिसांच्या गाडीसकट सारा ताफा पोळा फुटून बैल घराकडे वळेस्तोवर थांबला. तरी जहाज मिळालं.

पुढच्या वेळी काही लावायचं झालं तर आधी मला विचारा. राग उतरला आहे, पण हे कुंदनना सांगू नका.
आपली,
मंजुषा

*

भातकुली,
२७ एप्रिल २०२५

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

नळी तिच्या देशी पोचली, शिक्के शाबूत निघाले, आणि पेटारा मोकळा होऊन आणखी एका देशाकडे गेला, हे तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कोण कुठले लोक, कोणाच्या बहिणीसाठी खपले! त्यांना गोदाचं नावही ठाऊक नाही.

महिनाभर मी तिच्या मळ्यात आहे. ती तुझ्याकडे नव्या यंत्राखाली शेक घेत होती तेव्हा इथली भेंडी तोडून बाजारात पाठवायचं काम मी घेतलं. तिला वाटलं, शाळामास्तर काय करणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण भेंडीचं फूल कधी नीट पाहिलं आहेस? पिवळं, आणि तळाशी जांभळा काळोख. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. शिकवायला गेलो असतो तर आठ ओळींत मावलं नसतं.

काल गोदा आली. कुंदनरावांनी मळ्याच्या धुऱ्यापर्यंत गाडी आणून सोडली. डोक्यावर बोटभर केस आलेत. घरात न शिरता सरळ मळ्यात गेली, एक भेंडी मोडून पाहिली, मोडेना. मग सुरू झाली. म्हणाली की भाऊ, ह्या भेंड्या होय का काठ्या? रोज तोडा लागते, काहून नाही तोडल्या? फुलं पाहत बसला असशीन! आळे कोण केले, पाणी काहून तुंबून राहिलं, सांभाराच्या कोवळ्या वाफ्याले कोणी तुडवलं? पार विहिरीपर्यंत तिचा आवाज. लीलाबाई शेजारच्या मळ्यातून पाहायला आली, तर तिलाही दोन बोल मिळाले.

मी खाली मान घालून उभा होतो. गोदा थांबेना, आणि मला ती थांबायला नको होती.

तुमचा दोघांचा लोभ आहे, म्हणून इथे ओरडा खायला मिळतो आहे. तो असाच असू द्यावा.
तुझा,
उत्तममामा