खिडकीकडची जागा

सोमवार, ६ मार्च

पोचलो एकदाचे! मी आणि माझा मेहुणा. बंदराच्या पार टोकाला हे प्रशिक्षण केंद्र आहे. समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला जायचं तर इथलं आठवड्याचं सुरक्षा प्रशिक्षण पास व्हावंच लागतं. मी इलेक्ट्रिशियन, तो वेल्डर. परदेशात येऊन सहा वर्षं वर्कशॉपच्या पत्र्याखाली भाजून निघालो, आता जरा समुद्राची हवा खाऊ, असं तो बसमध्ये सगळ्या रस्त्याने म्हणत होता.

खोली झकास आहे. दोन खाटा, दोन लोखंडी कपाटं, मधे टेबल, न्हाणीघर आतच. हिचा पाठचा भाऊ हा, हिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण घोरण्यात घराण्यातला सगळ्यात थोरला. त्याला या देशात मीच आणला. निघताना सासूबाईंना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की घोर लावून घेऊ नका, तो माझ्या जबाबदारीवर.

आमची प्रशिक्षिका उंच, काटक, गळ्यात कायम शिट्टी. मेहुण्याने तासाभरात तिचं नाव शिट्टीबाई करून टाकलं. तिने प्रत्येकाला एक वही दिली. रोज काय केलं ते आपापल्या भाषेत लिहा, म्हणजे डोक्यात राहतं, असं तिचं म्हणणं. म्हणून हा उद्योग. फॉर्मवर एक प्रश्न होता, पोहता येतं का? मी ठोकून दिलं, हो. सासुरवाडीला इतकी वर्षं पोहण्याच्या बढाया मारल्यावर मेहुण्यादेखत 'नाही' कुठल्या तोंडाने लिहिणार?

मंगळवार, ७ मार्च

सकाळी आग विझवायला शिकलो. मेहुण्याने फोमचा फवारा पहिल्या झटक्यात नेमका मारला, मी स्वतःचे बूट विझवले. सगळे हसले, मीही हसलो.

दुपारी मोठ्या तलावावर नेलं. वर क्रेनला हेलिकॉप्टरसारखा एक डबा टांगलेला आहे. उद्या त्यात बसायचं. डबा पाण्यात सोडतात, मग तो बुडता बुडता उलटा होतो. डबा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही, एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसऱ्याने पट्टा सोडायचा आणि बाहेर. दोघांत एक खिडकी. खिडकीकडचा आधी, मग शेजारचा.

जेवताना मेहुण्याने हळूच विचारलं की भाऊजी, खरंच पोहता येतं ना, नसेल तर आपण शिट्टीबाईला सांगू, लाजायचं काय त्यात. मी त्याच्या अंगावरच गेलो. मोठ्यांना शिकवू नकोस म्हणालो. त्याने जेवण उरकलं. जाताना माझं ताटही उचलून घेऊन गेला.

बुधवार, ८ मार्च

अपघात झाला. 

मेहुणा खिडकीकडे होता, मी शेजारी. डबा उलटला. नाकातोंडात पाणी, वर कुठलं खाली कुठलं कळेना. मी कसाबसा बाहेर आलो. मेहुणा आला नाही. पाणबुड्यांनी त्याला ओढून काढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. छाती दाबली, रुग्णवाहिका आली. त्याचा पट्टा अडकला असणार.

मला सोबत चल म्हणाले होते. मी म्हणालो, मला गरगरतंय.

गुरुवार, ९ मार्च

आज माझा जबाब घेतला. मी लिहून दिलं की मेहुण्याचा पट्टा अडकला, आणि सकाळपासून तो चेष्टामस्करी करत होता, सूचनांकडे त्याचं लक्ष नव्हतं. असं का लिहिलं? विचारणाऱ्या माणसाने पेन हातात दिलं आणि हाताने लिहिलं, बस.

चार वाजता खोलीवर आलो तर मेहुणा खाटेवर होता! भिंतीकडे तोंड करून आडवा. केस ओले. जिवात जीव आला. सोडलं म्हणजे इस्पितळातून. मी हाक मारली, तो वळला नाही. रागावला असेल. रागवू दे, त्याचा हक्कच आहे. जबाबात काय लिहिलं ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

हिला फोन करून सांगितलं की जरा पाणी प्यायला होता, आता बरा आहे, झोपलाय. ही म्हणाली, तुम्ही आहात म्हणून मला चिंता नाही.

शुक्रवार, १० मार्च

अजून तसाच पडलाय. सकाळी नाश्ता आणून ठेवला होता, दुपारी आलो तर जसाच्या तसा. गादी निथळतेय. खाली पाण्याचं थारोळं. मी दोनदा पुसलं, दोनदा पुन्हा साचलं.

तो घोरत नाही. आधी इतकंच लक्षात आलं. मग खुर्चीवर बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं. पाठ हलली नाही. एकदाही नाही.

जवळ जाऊन बघायला हवं होतं. गेलो नाही.

बुधवारचं नीट लिहिलेलं नाही. बाहेर पडताना माझा पाय त्याच्या खांद्याला लागला होता. लागला म्हणजे, मी त्याच्या खांद्यावर पाय दिला.

हे लिहिलं आणि खाट करकरली. तो कुशीवर वळला आहे. डोळे मिटलेले.

शनिवार, ११ मार्च

शिट्टीबाईने बोलावून विचारलं की नातेवाईक असून इस्पितळात का गेला नाहीस. तो बुधवारपासून शुद्धीवर आलेला नाही, जवळचं कुणीतरी हवंय.

मी म्हणालो, तो खोलीत आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठलोच.

गेलो. तिथे आहे तो. तोंडात नळी, छाती यंत्रावर वरखाली. गालावर जखम. काळीनिळी, अर्धगोल. टाचेची. नर्सने विचारलं की कोण लागतो तुमचा. मी तोंड फिरवलं. तिला वाटलं, दुःखाने.

खांद्यावर नाही, गालावर दिला होता पाय.

खोलीत परत आलो. वहीसाठी. पासपोर्टसाठी. तो खाटेवर उठून बसला होता. माझ्याकडे तोंड करून. गालावर तीच खूण. रागावलेला नाही. तेच सहन होत नाही. जेवणाच्या टेबलावर बघितलं होतं तसंच बघतोय—

रविवार, १२ मार्च

कॉरिडॉरमध्ये बसून काढला दिवस. दुसरी खोली मागायला गेलो होतो. कारण विचारलं. काय सांगणार होतो?

हिचा फोन. रडत होती. केंद्राने घरी कळवलंय. सासूबाई म्हणाल्या म्हणे, पोरगं पहिल्यापासूनच धांदरट, बिचाऱ्या जावयाचाही जीव घेतला असता. मी ऐकून घेतलं. हूं म्हणालो. हूं! इतकंच.

फोन ठेवला तर दाराखालून पाणी येत होतं.

वही खोलीत राहिली होती. आत गेलो तर ती टेबलावर उघडी. पानं ओली. जबाब देताना लिहिलेलं खोटं तो वाचून गेला की काय—ते तर वहीत नव्हतं. होतं. गुरुवारचं होतं.

सोमवार, १३ मार्च

सकाळचे दहा. ऊन आहे खोलीत. तो टेबलाच्या पलीकडे बसलाय.

दार उघडं आहे. मी जाऊ शकतो. जात नाही—कुठे जाणार, हिच्याकडे?

लिहितो. सगळं लिहितो.

त्याचा पट्टा अडकला नव्हता. त्याचा सुटला होता, तो अर्धा खिडकीबाहेर होता. अडकला माझा. तो परत आत आला. डोळे उघडे ठेवून. माझा पट्टा त्याने सोडवला. माझा हात धरून खिडकीच्या चौकटीवर ठेवला, आणि मी—

लाथ मारली. तो वाटेत होता म्हणून. एकदा नाही. दोनदा. दुसऱ्यांदा मला कळत होतं तो कोण आहे ते.

झालं. इतकंच.

तो मान हलवतोय. नाही म्हणतोय. वाकून वाचतोय, केसांतलं पाणी अक्षरांवर—शाई फुटतेय—

राहिलंय. हो. एक राहिलंय. कुणाला माहीत नाही ते. तो तर तेव्हा खाली होता, त्याला कसं—

मी वर आलो होतो. श्वास घेतला. शिट्टीबाई काठावरून वाकून ओरडून विचारत होती, जोडीदार बाहेर आला का. मला ऐकू आलं. स्पष्ट. पुन्हा विचारलं तिने. पाणबुडे थांबले होते माझ्या उत्तरासाठी. आणि मी, हा असा, अंगठा वर करून, म्हणालो की