कोन शिकवायचे राहिले

बेल्कनॅप, ३० मार्च

ति. डॅडींच्या सेवेशी मॅरिबेलचा सा. न.

चौथीच्या गणिताची आख्ख्या सहामाहीची आखणी त्या एआय मदतनिसानं मला अकरा मिनिटांत करून दिली, हे मी तुम्हाला मिरवून सांगितलं होतं. खरी किंमत आता कळली: तपासण्यात माझे दोन रविवार गेले, आणि शहात्तर मुलांचे कोन शिकायचे राहिले.

इथे प्रत्येक पाठाच्या माथ्यावर राज्याच्या मानकाचा, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं त्या यादीतला, क्रमांक लागतो. रोज सकाळी मी तो फळ्यावर लिहिते, मुलं एका सुरात वाचतात. येणारा-जाणारा क्रमांकच पाहतो, म्हणून मीही क्रमांकच जुळवत बसले. यादी कुठल्या वर्षाची, ते पाहिलंच नाही. राज्यानं यंदा कोनमापन पाचवीतून चौथीत आणलंय आणि मदतनिसानं धरलेली यादी गेल्या वर्षीची. शुक्रवारी शेजारच्या गावातून आलेली नवी मुलगी म्हणाली, आमच्या शाळेत कोनमापक केव्हाच वाटून झाले. तेव्हा कुठे मी यादीवरचं वर्ष पाहिलं.

परीक्षा २१ एप्रिलला. चौथीचे बाकीचे तिघे शिक्षकही माझ्याच आखणीवर शिकवतात. हौसेनं मीच वाटली. माझं हे पहिलं वर्ष, मला पुढे ठेवायचं की नाही ते याच महिन्यात ठरतं. मुख्याध्यापिका मिसेस ऑडेल तर पालकसभेत छातीवर हात ठेवून सांगतात की, प्रत्येक आखणी मी स्वतः राज्याच्या यादीशी ओळीनं ओळ ताडून पाहते. आता माझ्यापायी त्याही तोंडघशी पडणार. वाटतं, गुपचूप माझ्या एकोणीस मुलांना कोन शिकवून मोकळं व्हावं. पण बाकीची सत्तावन्न? घास उतरत नाही. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहिलं.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
मॅरिबेल

रस्टन गॅप, २ एप्रिल

चि. मॅरिबेल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र गॅरेजात उभ्यानंच वाचलं. हातातला पाना खाली ठेवावा लागला. तुझ्या त्या मदतनिसातलं मला कळत नाही, पण भ्यायलेल्या माणसाचं कळतं. गॅरेज काढलं त्या वर्षी चर्चच्या गाडीची चारही चाकं बदलली आणि सँडविच खाताना आठवलं, नट आवळलेच नाहीत. गाडी चौदा म्हाताऱ्यांना घेऊन घाटात. भीत भीत गाडीतल्या पाद्रीबाबांना फोन लावला. त्यांना एवढ्या शिव्या येतात हे मला त्या दिवशी कळलं. पण गाडी थांबली.

आणि तू चारातलं एकच चाक आवळायला निघालीस होय, पोरी? सोमवारी शाळा भरायच्या आत जा. आधी स्वतःचं चुकलं म्हण, मग यंत्राचं नाव घे. उलटं केलंस तर रडगाणं वाटेल. नोकरी गेलीच तर इथे पावत्या फाडायला बस, माझं अक्षर तसंही गिऱ्हाइकांना लागत नाही. थट्टा करतोय खरा, पण काळजी मलाही लागलीय.

जेवत जा. माया आहे ती आहेच.
डॅडी

बेल्कनॅप, ६ एप्रिल

ति. डॅडींस सा. न.

सव्वासातला मिसेस ऑडेलच्या दारात उभी राहिले. तुम्ही सांगितलंत त्याच क्रमानं बोलले. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी बाकीच्या तिघांना बोलावलं. तीस वर्षं इथे काढलेल्या बर्निसबाई म्हणाल्या, फुकट मिळालं म्हणून मीही डोळे मिटून घेतलं, हिला एकटीला कशाला धरता. ठरलं, उद्यापासून शाळेचे दहा दिवस चारही वर्गांत पहिला तास कोनांचा. पुरतील की नाही, देव जाणे. माझ्या नोकरीचं विचारायचा धीर झाला नाही.

उठले, तर मिसेस ऑडेलनी मला थांबवलं. म्हणाल्या, कुठलं मानक राहिलं ते माझ्या यादीत बोट ठेवून दाखव; आणि खणातून त्यांची यादी काढली. ओळीनं ओळ हिरव्या शाईच्या खुणा, शेवटी त्यांची सही. मी सगळी पानं चाळली. कोन कुठेच नव्हते. मग पहिल्या पानावरचं वर्ष पाहिलं.

गेल्या वर्षीचं होतं.