पाणकोंबडीचा राहिलेला फोटो

आई,

आमच्या वॉशिंग मशीनने गेल्या आठवड्यात माझा घोर अपमान केला. नवरात्राआधी अंथरुणं-पांघरुणं धुवायची म्हणून तुझ्या शाळेच्या साड्यांची ती जुनी गोधडी मी मोठ्या विश्वासाने त्याच्या पोटात घातली. त्याने ती दोन गिरक्या फिरवली, गुरगुर केली, एक लाल दिवा लावला आणि ते दार आतून घट्ट लावून बसलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, असा दिवा लागल्यास वजन तपासावे. माझं नव्हे, कपड्यांचं, हे लक्षात यायला जरा वेळ गेला. बरीच मनधरणी केल्यावर दार उघडलं तेव्हा गोधडी पाणी पिऊन म्हशीएवढी जड झाली होती. ती बादलीत कोंबून मी पेठेतल्या लाँड्रीत गेले.

“गोधडी घेता का?”

“आम्ही कपडे घेतो.”

“ही कपड्यांचीच आहे. आत सगळ्या साड्या आहेत.”

“मग उसवून आणा. साड्या घेऊ.”

लोकांना टोमणे मारणारे लेख लिहून जिचं घर चालतं, त्या तुझ्या लेकीलाच लाँड्रीवाल्याने टोमणा मारला. तू असतीस तर त्या माणसाला चहाला बोलावलं असतंस. मी बादली गाडीत ठेवली आणि हडपसर ओलांडून आपल्या शेतावर गेले. ओढ्यावर.

तुझं धुणं म्हणजे रविवार. आठवडाभर शाळेत पोरींना गप्प बसवायचं आणि रविवारी ओढ्यातल्या त्या चपट्या दगडावर सगळा राग काढायचा. घरात नळाला पाणी दिवसाआड, त्यामुळे तुझ्या या सहलीला कोणी नावं ठेवू शकत नव्हतं. बादलीत खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा आणि त्यावर धुणं, हे मात्र फक्त मला ठाऊक. बारशाला, हळदीकुंकवाला, कोणाच्या मुंजीला तू रोल काटकसरीने वापरायचीस आणि शेवटचा एक फोटो राखून ठेवायचीस. रोल संपवायला तू ओढ्यावर जातेस. पदराला हात पुसतेस, कॅमेरा डोळ्याला लावतेस, खटका दाबतेस आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा धोपाटणं उचलतेस. म्हणून आपल्या घरातला प्रत्येक समारंभ अल्बममध्ये ओढ्यावर संपतो. नवरा-नवरी, पंगत, रुसलेली आत्या आणि मग एकदम लव्हाळं, पाणी आणि एक काळा ठिपका.

“ह्यात कोंबडी कुठाय?” घरी आलेला प्रत्येक जण विचारायचा.

“ती काय. काळा ठिपका.”

“तो डाग असेल, बाई.”

“डागाला शेपूट असते का?”

ती पाणकोंबडी. पांढरं तोंड, पांढरी छाती, शेपटीखाली विटकरी रंग, आणि पावसाळा सरेपर्यंत कोणाशी तरी भांडण चालू असल्यासारखा आवाज. तुझ्या साध्या कॅमेऱ्यात ती लांबची लांबच राहायची. मी पहिल्या मोठ्या कमाईतून हातभर लेन्सचा कॅमेरा घेतला, जंगलात जाऊन वाघ टिपून आले, ते फोटो घरभर दाखवत सुटले. तू सगळे शांतपणे पाहिलेस आणि म्हणालीस, “वाघाचं झालं असेल तर माझ्या कोंबडीचा एक काढून दे. पिल्लांसकट. ह्या रोलचा शेवटचा मी काढत नाही, अल्बममधली ती जागा तुझ्या फोटोला ठेवते.” धाकट्या भावाच्या मुलीच्या बारशाचा रोल होता तो. पुढच्या रविवारी, म्हटलं मी. असे बरेच पुढचे रविवार गेले.

शेवटी आले एकदा, घाईत. नवरात्राआधीचाच दिवस, तू गोधड्या धूत होतीस. मी मातकट रंगाचा शर्ट घालून घाणेरीच्या झुडपामागे दबा धरून बसले. तुझं धप्प, धप्प चालू.

“आई, आपटणं थांबव ना जरा. एवढ्या आवाजात कुठला पक्षी येणार?”

“अगं, ह्या आवाजाची तिला सवय आहे. कोणी टपून बसलं की मात्र ती बाहेर पडत नाही.”

यावर मी तुला पक्ष्यांच्या वागणुकीविषयी व्याख्यान दिलं. मी वाघ बघून आलेली बाई. तू धोपाटणं खाली ठेवलंस, ओले हात मांडीवर घेतलेस आणि शिक्षा झालेल्या पोरीसारखी गप्प बसून राहिलीस. अख्खे वर्ग एका नजरेत गार करणारी तू. आपण दोघी तशाच बसलो. ऊन कललं. आलं कोणीच नाही. लेन्सला झाकण लावताना मी म्हटलं, “तुझी कोंबडी फक्त तुझ्याच फोटोंत राहते बघ, तीही ठिपका होऊन.” तू हसलीस. मला वाटलं, विनोद जमला.

पुढच्या नवरात्राला गोधड्या धुवायला तू नव्हतीस.

त्यानंतर मी या शहराच्या ओढ्यानाल्यांवर किती तिरकस लेख लिहिले, लोकांनी ते कापून ठेवले. आपल्या ओढ्यावर मात्र धड एक तास जाऊन बसले नाही. आता दिवाळीनंतर तो पाइपात जाणार आहे. वरून रस्ता होईल. सिमेंटचे पाइप काठावर येऊन पडलेत, माणूस न वाकता आत शिरेल एवढे. धाकटा म्हणतो, सगळ्यांनीच जागा सोडली, आपण एकटे कुठवर अडणार. मी त्याला टोमणा मारणार होते. त्याऐवजी बादली घेऊन खाली उतरले.

वहिनी, धाकट्याची बायको, मागोमाग आलीच. “वन्सं, एवढी गोधडी? मशीन हाय ना तुमच्याकडं?”

“मशीनने नाकारली.”

“आन् म्हून आमच्या वढ्याला त्रास व्हय? दिवाळीनंतर आला असता तर वढाबी नसता.” असं म्हणत तिनेच पदर खोचला आणि धोपाटणं घेतलं. ती आपटते, मी पिळते. तुझ्या साड्यांमधून अजून गढूळ निळं पाणी निघतं. एक टोक पिळताना माझं लक्ष समोर गेलं तर लव्हाळ्यातून पांढरं तोंड बाहेर आलेलं. वहिनीनेही पाहिलं. तिचा हात वरच्या वर थांबला. पक्षीही थांबला, एक पाय उचलून, आत्ता पळू की मग अशा बेतात.

“वहिनी, थांबू नका,” मी म्हटलं. “आपटत राहा.”

“आवाजानं जाईल की.”

“नाही जात. आपटा.”

धप्प. धप्प. पाय खाली आला. ती दोन पावलं पुढे झाली, आणि तिच्या मागून लव्हाळ्यातून काजळीचे गोळे घरंगळावेत तशी पिल्लं, एकामागून एक. मोबाइल बादलीत तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत होता. तो तिथे का ठेवला होता ते मला विचारू नकोस. कुर्त्याला हात पुसले आणि एक फोटो काढला. दुसऱ्याला ओलं बोट त्या मोबाइलला ओळखूच येईना. तोवर ती माळ पलीकडच्या गवतात गेली होती. मग मी उगाचच बराच वेळ तोंडावर पाणी मारत बसले. वहिनीने गोधडी एकटीने ओढत नेऊन सिमेंटच्या पाइपावर वाळत घातली आणि परत येऊन मोबाइलमध्ये डोकावली.

“ह्यात कोंबडी कुठाय?”

“ती काय. काळा ठिपका. मागचे बारके ठिपके, ती पिल्लं.”

ती हातभर लेन्स कपाटातच आहे. गेल्या पावसाळ्यात तिला बुरशी आली. फोटो छापायला दिला तर स्टुडिओतला मुलगा म्हणाला, “मॅडम, पक्षी मोठा करून देतो. असा काहीच कळत नाही.” म्हटलं, नको. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते इथेच, या टेबलावर राहील. एवढं सांगते की मशीनच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर गोधडीचं चित्र आहे आणि त्यावर मोठी फुली आहे. ती मी मशीन लावायच्या आधीच पाहिली होती.

बारशाचा अल्बम समोर उघडा आहे. शेवटचा कप्पा तू ठेवलास तसाच रिकामा होता. प्लास्टिक चिकटलं होतं, नखाने सोडवावं लागलं. फोटो आत सरकवला आहे.